आमचा परगृहवासी

अगं ये, अशी जवळ बस. दोन दिवसांसाठी येतेस आणि त्यातला दीड दिवस त्या टीव्हीतल्या राक्षसात घालवतेस! काल मैत्रिणीशी फोनवर काय तावातावानं भांडत होतीस. तो दर वेळी मरतो तरी परत का येतो, कुठला राहणारा, खातो काय. मी स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होते. भाजी गार झाली ती वेगळीच. आणि तुला वाटतं, आजीला यातलं काय कळणार! असल्याच एका जिवावरून मी तुझ्यापेक्षा जास्त वाद घातलेत बाई, आणि तोही आभाळातूनच यायचा.

साठ सालानंतरचा हिवाळा होता. माझं लग्न होऊन दीड वर्ष झालेलं. मी मुकुटबनची, दिलं दिग्रसला. आज तुला ते अंतर काहीच वाटायचं नाही. तेव्हा यष्टीनं यवतमाळ, तिथून दुसऱ्या यष्टीनं वणी, आणि पुढं बैलगाडी. दीड वर्षात मी एकदाही माहेरी गेले नव्हते. सासरी मला कोणी बोललं नाही की मारलं नाही, पोटभर खायला होतं. पण माहेरी जाऊ का, हे विचारायचं कसं तेच कळेना. सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांचं बोलणं मोजकं. एकदा ‘नाई’ म्हणाल्या की विषय संपला. त्या ‘नाई’च्या भीतीनं मी विषयच काढत नव्हते. आईची आठवण आली की चुलीत फुंकर घालायची, म्हणजे डोळे का लाल झाले हे कोणी विचारत नाही.

शाळेत मी दोनच वर्षं गेले. पुढचं वाचन किराण्याच्या पुड्यांवर झालं. साखर डब्यात, कागद माझ्या हातात. आमच्या शेजारी एक मास्तर राहायचे, त्यांच्याकडे मासिक यायचं. त्यांचं वाचून झालं की मास्तरीणबाई ते भिंतीवरून मला द्यायच्या. त्यात एक विज्ञानकथा क्रमशः येत होती. पहिला भाग काही आम्हाला मिळाला नाही, कारण तो अंक फाडून मास्तरीणबाईंनी लोणच्याच्या बरण्यांची तोंडं बांधली होती. आम्ही सुरुवात केली दुसऱ्या भागापासून. सगळा घोटाळा तिथंच झाला.

दुपारी आम्ही अंगणात बोंडं सोलायला बसायचो. कपाशीच्या शेवटच्या वेच्याची, म्हणजे वेचणीची, अर्धवट उमललेली बोंडं घरी आणायची आणि त्यातला कापूस बोटांनी ओढून काढायचा. आत्याबाई, माझी मोठी जाऊ, समोरच्या काकू आणि मी. मी वाचायचं आणि माझ्या टोपलीतली बोंडं बाकी तिघींनी मूठ-मूठ वाटून घ्यायची, हे आत्याबाईंनीच ठरवून दिलं होतं. त्यांनाही ऐकायचं असायचं, पण तसं म्हणायच्या नाहीत.

गोष्टीत दर महिन्याला एक प्राणी कुठल्यातरी गावात उतरायचा. आधी आभाळातून शिटीसारखा आवाज, मग धुकं, मग माणसांची पळापळ. बंदुका यायच्या, तो जखमी होऊन नाहीसा व्हायचा. पुढच्या अंकात पुन्हा हजर! लेखक त्याला परगृहवासी म्हणायचा. म्हणजे मी तसं वाचायचे. एका अंकात चित्र होतं, त्यात भिंतीआडून त्याची फक्त तीन बोटं दिसत होती. बाकीचा तो कसा, ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

“रोह्यासारखा असन,” जाऊबाई म्हणाल्या, म्हणजे नीलगायीसारखा. “भिंतीवरून पाह्यते म्हंजे उंचच असन.”

“रोह्याले बोटं असतेत काय व?” काकू म्हणाल्या. “घोरपड हाये ते. पंजे पाह्य ना.”

“घोरपडीले तीनच बोटं?”

“दोन बंदुकीनं उडाले असतीन.”

मग चुलीतली राख अंगणात पसरून दोघींनी आपापला प्राणी बोटानं काढला. जाऊबाईंच्या रोह्याला शेपूट जमेना, काकूंच्या घोरपडीला सहा पाय झाले. कोंबडी येऊन दोन्ही विस्कटून गेली.

काकूंना एका गोष्टीचा फार त्रास व्हायचा. तीन भाग झाले, पण तो काही खातो असं कुठं आलंच नव्हतं. “एवढं मोठं जनावर, निस्ती हवा खाऊन राह्यलं काय?” आणि सगळ्यात मोठा प्रश्न तोच, तुमचाच. तो परत परत येतो कशाला?

“काही इसरला असन,” जाऊबाई म्हणाल्या.

“इसरला असता तं त्याच गावात आला असता. हा तं दर खेपी गाव बदलते.”

“मंग पत्ता हरपला असन त्याचा.”

आत्याबाई तोवर बोंडं सोलत होत्या. एकदम म्हणाल्या, “परगृहवासी म्हंजे काय व?”

गृह हा शब्द मी वास्तूच्या पत्रिकेवर पाहिला होता, गृहप्रवेश. मी ऐटीत सांगितलं, “दुसऱ्याच्या घरी राहणारा, आत्याबाई.”

त्यांचा हात बोंडावरच थांबला. “मंग त्याले कोनी बस म्हनलं काय?”

“कुठं?”

“कुठीच. तीन गावात गेला ना? पाह्य बरं मांगून.”

मी तिन्ही भाग पुन्हा वाचले, दोन दुपारी त्यातच गेल्या. काकू कान देऊन बसलेल्या, एखादी ओळ सुटू नये म्हणून. कुठंच कोणी त्याला बस म्हटलं नव्हतं. पाणी विचारलं नव्हतं.

“मंग झालं तं,” आत्याबाई म्हणाल्या. “एखांद्या दारात तरी कोनी बस म्हनन, म्हनून येते तो. दुसरं काय?”

“आपल्या दिग्रसले येऊ द्या,” काकू म्हणाल्या, “मी देतो त्याले भाकर.”

त्याच संध्याकाळी मी चुलीपाशी होते. आत्याबाई पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, “तू मुकुटबनले कधी गेलती?”

“लग्नानंतर नाही गेले.”

“मंग बोलली काहून नाई?” मी चुलीत फुंकर घातली. त्यांनीच चुलीतलं लाकूड पुढं सारलं. “बोंडं आटोपले की जाय. तुह्या सासऱ्याले मी सांगतो.”

ते चार दिवस मी बोंडं कशी सोलली असतील! नखं फाटली तरी कळलं नाही. टोपलीचा तळ दिसायला लागला आणि नवा अंकही आला. मी अंगणात मोठ्यानं वाचत होते, तेवढ्यात भिंतीपलीकडून मास्तरीणबाई हसल्या. “अगं, परगृह काय वाचतेस? परग्रह! ग्रह. मंगळ, शुक्र, शनी. दुसऱ्या ग्रहावरून आलाय तो. पहिल्या भागात सगळं दिलंय.”

र खाली कुठं लागतो, त्याला किती वळण असतं, पुडीच्या कागदानं मला कधी शिकवलंच नव्हतं. मी ग्रहाचं घर करून टाकलं होतं.

“माय वं!” जाऊबाई म्हणाल्या. “आमी कोन्या भलत्याच प्रान्यासाठी हळहळून राह्यलो काय?”

काकू हसून हसून लोटपोट. मला हसू येईना. त्या चुकलेल्या अक्षरावरच मला माहेरची परवानगी मिळाली होती. अक्षर गेलं, आता मुकुटबनही गेलं. मी आत्याबाईंकडे बघायचं टाळलं.

आत्याबाईंनी हातातलं बोंड पुरतं सोललं. मग विचारलं, “बाई, त्या पयल्या भागात तरी त्याले कोनी बस म्हनलं?”

मास्तरीणबाईंनी आठवून पाहिलं. “छे. उतरल्या उतरल्या गोळीच झाडली.”

“मंग? चांदनीवरून आला तरी दुसऱ्याच्याच घरी आला ना.” आणि माझ्याकडे वळून, “वाच पुढं. आन् लुगडे बांधून ठेव, बुधवारच्या यष्टीनं जाय.”

महिनाभर राहिले मी आईकडे. परत आले तर गोष्टीचा शेवटचा भाग येऊन पडलेला. मास्तरीणबाई वाचून दाखवायला तयार होत्या, पण तिघींनी ऐकून घेतलं नव्हतं. अंक ज्वारीच्या कणगीवर पालथा घालून ठेवला होता, माझ्यासाठी. मी पाय धुतले न धुतले तोच काकू आल्या.

शेवटात तो धुक्यात शिरला, एवढंच. मेला म्हणून नाही लिहिलं, येईल असंही नाही. त्यावर आम्ही होळीपर्यंत वाद घातला. पुढं कधी सकाळी धुकं पडलं की जाऊबाई ओरडायच्या, “आला व, पाट मांडा!” आत्याबाई हसायच्या नाहीत, पण दाराकडे एकदा बघायच्या खऱ्या. त्याची उरलेली बोटं कशी होती, तो काय खायचा, हे मला आजही कळलेलं नाही, आणि अजूनही जाणून घ्यायची इच्छा आहे.

तर तू आता पुण्याला जाशील, तिथल्या तुझ्या भाड्याच्या खोलीत. माझं एक काम कर. तुमच्या त्या राक्षसाला इतक्या भागांत कोणी एकदा तरी बस म्हणालं का, ते पहिल्यापासून नीट बघ. फोनवर सांगू नको, मला नीट ऐकू येत नाही. इथं येऊन सांग. बोंडं नाहीत आता, पण तुरीच्या शेंगा सोलत बसू. शेंगा निबर व्हायच्या आत ये गं.