कौल न देणारं घर

२२ नोव्हेंबर २०२५, शनिवार, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. मी आमच्या हुपरीतल्या घरात माझ्या लग्नपत्रिकेचं प्रूफ तपासत होतो. वेलांट्या, उकार, तिथी, सगळं बरोबर होतं. चूक एकच होती. माझ्या नावापुढे कंसात ‘बी.ए.’ छापलं होतं.

मी नववी नापास आहे. चांदीच्या पैंजणांच्या कड्या डाग देऊन, म्हणजे झाळून, जोडतो. पण स्थळ दाखवताना मामांनी बी.ए. सांगितलं आणि मी चहा पीत गप्प बसलो. स्नेहल वारणानगरला राहते, बी.एस्सी. झाली आहे. चार महिने मी तिला याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. छापखान्याला सोमवारी होकार द्यायचा होता.

मित्राने जोतिबाच्या वाटेवरच्या एका घराबद्दल सांगितलं होतं. ख्रिस्ती सिस्टर चालवतात, कुणीही जावं, राहावं, मनातलं बोलावं. त्याने तिथे वायरिंग केलं होतं. म्हणाला, “ऐकून घेत्यात. आपल्याकडं तेवढंच मिळत न्हाय.” मी दोन दिवस आधी फोन करून ठेवला होता. तुम्हीही करा, खोल्या सहाच आहेत.

हुपरी ते कोल्हापूर एसटी एकतीस रुपये, तिथून जोतिबाच्या गाडीने एकेचाळीस. घाट सुरू होण्याआधी उतरायचं आणि उसाच्या कडेने वीस मिनिटं चालायचं. कुलूप लावल्याची खात्री करायला मी स्टँडवरून आईला दोनदा फोन केला. ती घरातच होती. तिला वेगळीच काळजी होती. “बाटवत्यात का रं तिथं?”

हाच प्रश्न मी तिथे पोचल्यावर स्वयंपाकघरातल्या आक्कांना विचारला. त्या भाकरी थापत होत्या. “धा वर्सं हाय मी हितं. दर चैत्रात जोतिबाला जाते. मला कुणी बाटवलं न्हाय, मीच त्यास्नी खर्डा खायला लावला. बसा पावणं, ताट घ्या की!”

नोंदवहीत नाव, गाव आणि ‘काय खात नाही?’ एवढंच विचारतात. शिक्षणाचा रकाना मी दोनदा शोधला. नव्हता.

जेवण सूर्यास्ताआधी होतं, कारण रुकडीचे पाटील काका जैन आहेत. ते आले की सगळेच लवकर जेवतात आणि पिठल्यात कांदा-लसूण नसतो. काकू गेल्यापासून ते दर दोन महिन्यांनी इथे येऊन बसतात. त्यांनी सहज विचारलं, “शिक्षान किती झालंय?”

“बी.ए.,” मी म्हणालो. खरं सांगायला आलेल्या घरात पहिल्याच जेवणाला मी खोटं बोललो.

इथे जेवण झाल्यापासून सकाळच्या चहापर्यंत कुणी बोलत नाही. मला ते अवघड जाईल असं वाटलं होतं. पण कुणी काही विचारणार नाही, हे कळल्यावर मी गाढ झोपलो. (चादर आपली आणा, थंडी बरीच असते.)

रविवारी सकाळी साडेनऊला सिस्टर मार्थांनी वेळ दिली होती. साठीच्या, सुती साडीतल्या, मिरजेकडच्या. व्हरांड्यात दोन खुर्च्या, दोन्हींची तोंडं डोंगराकडे. समोरासमोर बसत नाहीत, म्हणजे चेहरा सांभाळावा लागत नाही. मी सात प्रश्न लिहून नेले होते, बरेचसे मामा काय म्हणतील याचे.

“वाच,” त्या म्हणाल्या. वाचल्यावर विचारलं, “यातले तुला पडलेले कुठले आणि मामांना पडलेले कुठले?”

मी सहा खोडले. एक उरला. खरं कळल्यावर स्नेहल नाही म्हणेल का?

“ते मला कसं माहीत असणार? तिला विचार.”

मला राग आला. एवढ्या लांब मी उत्तरासाठी आलो होतो. म्हणालो, “सिस्टर, तुमच्या देवाला कौल लावता येत नाही का? उजवा, डावा, काहीतरी?”

त्या मोठ्याने हसल्या. “येत असता तर मीच रोज लावला असता रे!” मग हळू विचारलं, “तुझ्यासाठी प्रार्थना केली तर चालेल? नको म्हणालास तरी चहा मिळेल.”

मी हो म्हणालो. त्यांनी देवाकडे माझं लग्न मागितलं नाही. माझ्यासाठी धीर मागितला.

नंतर दुसऱ्या चहाला काका होते. मी सांगून टाकलं, “काका, काल खोटं बोललो. मी नववी नापास.”

“मग? मी काय नोकरी देणार हाय व्हय तुला?” त्यांनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

फोनला रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येते. तिथे उभं राहून मी स्नेहलला सगळं सांगितलं. तिने विचारलं,

“चार महिने काय करत होतात?”

“भीत होतो.”

“कुणाला?”

“तुम्हाला.”

“नववीचं मला काय वाटायचं ते वाटंल. गप्प बसलात त्याचा राग हाय. उद्या घरी या. मामांना आणू नका.”

निघताना सिस्टरांनी काय ठरवलं ते विचारलं नाही, फक्त गाडीची वेळ सांगितली. सल्ला देणारे मला खूप भेटले आहेत. माझी वाट मलाच चालायला लावून सोबत बसणारं माणूस पहिल्यांदा भेटलं.

सोमवारी वारणानगरला स्नेहलचे वडील अर्धा तास ओरडले. मी उत्तर तयार करून नेलं नव्हतं, म्हणून ऐकून घेता आलं. शेवटी ते म्हणाले, “राग हाय माझा, आन् ऱ्हाणार. पोरगी न्हाय म्हणत न्हाय, तवर मी न्हाय म्हणायचा न्हाय. आता जेवल्याबिगर जायचं न्हाय.” स्नेहलने वाढलं. दुसऱ्यांदा भात घेता का, एवढंच विचारलं. छापखान्याला मी ‘अजून थांबा, पण बी.ए. आत्ताच काढा’ असं कळवलं.

खर्च: हुपरीहून त्या घरी, जाऊन-येऊन एसटी १४४. खोली आणि जेवणाला दर नाही, पाकिटात इच्छेने ५००. वारणानगरची फेरी, फळांसह, ३१०. एकूण ९५४.

देणे: लग्नाच्या सुटाच्या कापडाला मामांनी दिलेले ४,०००. मी खरं सांगितल्यापासून ते माझ्याशी बोलत नाहीत, पैसे मात्र आईकरवी परत मागितले आहेत. दोन महिन्यांत देईन, असं मी स्वतः जाऊन सांगून आलो.