एका डिस्कच्या तीन खोल्या

एसेनकुल चुकतो हे अख्ख्या नारीन गावाला ठाऊक होतं, पण तोंडावर बोलणार कोण? कधीकाळी शाळेत कॉम्प्युटर शिकवला, त्या शिदोरीवर गडी अजून मिरवत होता. त्याची धाकटी भावजय झूरा लग्नांचं शूटिंग करायची. तिच्या कॉम्प्युटरवर काय घालायचं हेही हाच ठरवणार! का, तर थोरला दीर.

हिवाळ्यात सासूबाई गेल्या. त्याआधी झूराने त्यांना कॅमेऱ्यासमोर बसवून बोलतं केलं होतं. गाणी, शिव्या, पुढे जन्मणाऱ्या नातवंडांना आशीर्वाद, सगळं. म्हातारीचा आवाज आता तेवढ्या एका फाइलीत उरला होता आणि ती फाइल होती कॉम्प्युटरच्या डिस्कवरच्या सी, डी, ई या तीन भागांपैकी 'डी'मध्ये. इथे घरोघरी तीच रीत. विंडोज बिघडली की दुरुस्तीवाला 'सी' पुसतो, 'डी'ला हात लावत नाही, म्हणून 'डी' म्हणजे लोकांची तिजोरी.

झूराचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. बाहेरची डिस्क घ्यावी आणि सगळे भाग जसेच्या तसे तिच्यावर उतरवणारा प्रोग्राम घालावा, असं तिचं म्हणणं. प्रोग्रामही तिने शोधला होता. एसेनकुलने बाजारातून भलताच आणला. सासूबाईंच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला तिने विषय काढलाच.

"भाऊजी, तुमचा प्रोग्राम 'डी'ची प्रत 'ई'मध्ये टाकतो. डिस्क तर एकच आहे. खोल्या तीन असल्या तरी घर एकच ना? घरच जळलं तर?"

"अगं, तू मला शिकवतेस?" तळलेल्या कणकेचा बोरसोक सायीत बुडवत तो म्हणाला. "तू पाळण्यात होतीस तेव्हा मी डिस्कचे भाग पाडत होतो. प्रत झाल्याची रोज हिरवी खूण येते की नाही? मग झालं तर! बाहेरची डिस्कबिस्क या घरात चालायची नाही."

पाहुणे फिदीफिदी हसले. तिचा नवरा रिसबेक ताटात बघत बसला, मेला! थोरल्या दिराला चारचौघांत नाही म्हटलं की नालस्ती सुनेचीच. झूराच्या अंगाचा तिळपापड झाला.

"बरं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाल तसं."

उन्हाळ्यात डिस्क कटकट वाजायला लागली आणि बंदच पडली. सी, डी, ई, तिन्ही एकदम. बिश्केकच्या दुरुस्तीवाल्यानेही हात टेकले.

सासूबाईंच्या वर्षाचं जेवण जवळ आलं तसा एसेनकुल दारात हजर. आईचा आवाज सगळ्यांना ऐकवायचा होता ना! झूराने काय झालं ते सांगितलं. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. इकडेतिकडे बघून तो हळू आवाजात म्हणाला, "झूरा, खरं सांग. तू एक नंबरची हट्टी. माझं कधी ऐकलंयस तू? चोरून दुसरी डिस्क केलीच असशील. दे मला. मी चकार शब्द काढणार नाही."

खरंच केली असती तर! त्याच्या तोंडावर फेकली असती तिने.

"नाही भाऊजी," ती म्हणाली. "तेवढं एकदाच ऐकलं तुमचं."

तो तिथेच उंबऱ्यावर बसला. झूराने त्याला चहासुद्धा विचारला नाही.