रिकाम्या मोटारीचे माप
माझ्यासारख्या नवख्याने लिहू धजावे, याची क्षमा असावी. पण जळक्या रबराचा वास आला की महायुद्धाच्या काळातला जामखेडचा रस्ता आठवतो. नवे टायर मिळेनात, म्हणून मोटारी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी आमच्या जुन्या मोटारीला लष्करी मोडीतली मोठी चाके बसवली होती. मडगार्डखालची बोटभर फट मी स्वतः मोजली, पण मोटार रिकामी असताना. अडलेल्या पत्नीला सुईणीसह नगरला नेताना मागचे चाक मडगार्डला घासून धूर येऊ लागला. "टायर फुटंल! मागं वजन लई हाय, एकानं उतरा," मोटार चालवणारे मिस्त्री ओरडले. "मी उतरले तर लेकरू तुमी काढनार व्हय, वकीलसायेब?" सुईण म्हणाली. पत्नीने घट्ट धरलेला हात सोडवून मी उतरलो. घासण्याचा आवाज थांबला आणि मोटार वळणाआड गेली. मायलेकरे वाचली, तरी तिच्या बोटांची पकड मनगटावर अजून जाणवते. तुम्ही तो हात सोडवला असता का?