इद्रीसभाईंची उलटी वाहणारी नदी

इद्रीसभाई आमच्या स्टोअरचे प्रमुख. साधा बोल्ट मागितला तरी आधी माझ्याकडून नदी वसूल करायचे. "साब, आज चिखलाचा वास सांगा." सौदीतल्या अबकैकच्या प्लँटमध्ये पंप बंद पडलेला, बाहेर ऊन मी म्हणतंय, आणि मी आपला चिपळूणच्या वाशिष्ठीचं वर्णन करत उभा! चिडायचो, पण सांगायचो.

जन्म दम्मामचा, पासपोर्ट चाडचा. आफ्रिकेतला तो देश त्यांनी डोळ्यांनी पाहिला नव्हता. आमच्या लोकांत राहून हिंदी मात्र फक्कड. वडील गावच्या नदीचं नाव काढून रडायचे, पण ती कशी दिसते ते न सांगताच गेले. इद्रीसभाई त्या नदीवर अरबीत कविता करायचे. "या मातीत माझं नाव परदेशी म्हणून लिहिलंय, साब. कवितेत तरी मला गाव हवं ना?"

गेल्या वर्षी त्यांचं कंत्राट संपलं. इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, खलास. पन्नाशीतला माणूस आयुष्यात पहिल्यांदाच 'परत' निघाला. जायच्या आधी त्यांनी मला गावकऱ्यांसाठी लिहिलेली कविता समजावून सांगितली. दिवसातून दोनदा नदी उलटी वाहते, पाणी चढलं की चिंबोऱ्या बिळात पळतात...

कपाळ माझं! ती आमच्या खाडीची भरती होती.

"इद्रीसभाई, तुमच्या देशाला समुद्रच नाही हो."

त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे ते म्हणतील, हा आपला नव्हेच."

"त्या ओळी काढून टाका."

"मग उरतं काय?" त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हौसेहौसेने सांगत गेलो, ती नदी त्यांना कुठे न्यायची आहे हे एकदाही विचारलं नव्हतं.

महिन्याभराने त्यांचा व्हॉइस मेसेज आला. कविता त्यांनी भरतीसकट वाचली होती. अख्खं गाव पोट धरधरून हसलं. तिथली नदी वर्षातले बरेच महिने नुसती वाळू असते! मान वर करायची सोय राहिली नाही, म्हणाले. मग वडिलांच्या म्हाताऱ्या बहिणीने त्यांना मनगटाला धरून पात्रात नेलं, कोपरभर वाळू उकरली आणि झिरपलेलं पाणी ओंजळीने पाजलं.

"मी विचारलं, आत्या, मी परका म्हणूनच हसले ना सगळे? तर माझ्या पाठीत धपाटा घालून म्हणाली, वेडा आहेस का? पाहुण्याला आम्ही कधी हसत नाही."