मी खोडलेलं नाव

हे आजवर मी कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. जालन्याच्या आमच्या कॉलेजात मॅडमच्या नोट्सवरचं त्यांचं नाव मी काढून टाकलं होतं.

मॅडम तासिका तत्त्वावर कॉम्प्युटर शिकवायच्या. वर्गात निम्मी पोरं खेड्यांतली, मी आष्टीकडचा. पुस्तकं सगळी इंग्रजीत. आम्ही ओळीच्या ओळी पाठ करायचो, अर्थाशी गाठ नाही. ते बघून मॅडमनी मराठीत लिहायला घेतलं. वर्षभर, तास संपले की लॅबमधल्या एका मशीनवर स्वतः टाइप करत बसायच्या. लूप म्हणजे जाफराबादची एसटी, डेपो थांब म्हणेपर्यंत त्याच रस्त्यावर फेऱ्या. ॲरे म्हणजे मोसंबीच्या झाडांची ओळ. कॉम्प्युटर ही ओळ शून्यापासून का मोजतो? तर बांधावरून पहिल्या झाडाशी जाताना किती झाडं ओलांडावी लागतात? एकही नाही, म्हणून शून्य. पुढं वीस वर्षं याच धंद्यात काढली, इतकं साधं करून सांगणारं दुसरं माणूस मला भेटलं नाही.

त्याच वर्षी लॅबमधली मशीनं एकमेकांना जोडली गेली आणि सगळ्यांना उघडता येणारं शेअर फोल्डर आलं. पोरांनी ते गाण्यांनी भरलं. मग विद्यापीठाचं पत्रक दारावर चिकटलं: दुसऱ्याची गाणी, सिनेमे, पुस्तकं नेटवर्कवर टाकू नयेत, टाकणाऱ्याचा लॅबचा आयडी बंद, म्हणजे मशीनवर बसणंच बंद. पोरांनी तोड काढली. फाइलचं नाव पुसायचं आणि ‘प्रॅक्टिकल’ लिहायचं.

“अय, प्रॅक्टिकल तीन उघड की,” माझा दोस्त म्हणायचा, “लई रडवणारं प्रॅक्टिकल हाय.”

मॅडमनी नोट्सची फ्लॉपी एकट्या मला दिली. “चुका सापडल्या तर सांग. पुस्तक करायचंय, तोवर बाहेर देऊ नको.”

दोस्ताला कळलं. “एकटाच पास होतो का रे? आम्ही काय घोडं मारलं तुझं?”

मी फाइल शेअर फोल्डरमध्ये टाकली. टाकण्याआधी त्या कॉपीच्या पहिल्या पानावरचं मॅडमचं नाव काढलं. मला खरंच वाटलं, नाव नसलं की फाइल कोणाचीच नसते. मॅडमवर काही येणार नाही, माझ्यावरही नाही. नियम मोडलाच नाही, असं स्वतःला बराबर पटवलं.

महिनाभरात स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडं त्या नोट्सच्या बांधलेल्या प्रती दिसायला लागल्या. अंबड-परतूरची पोरंही घेऊन जाऊ लागली.

मग मॅडमचं लिखाण प्रकाशकाकडून परत आलं. हा मजकूर बाजारात आधीच फिरतोय, उतरवलेला दिसतो, असं पत्र सोबत. विभागप्रमुख झेरॉक्स हातात घेऊन लॅबमध्येच आले.

“मॅडम, पोरांना कॉपी करू नका म्हणता, अन् हे काय?”

“माझंच आहे सर.”

“मंग यावर तुमचं नाव कसं न्हाई? मूळ फाइल दाखवा.”

मूळ फाइल नव्हती. गाण्यांबरोबर व्हायरस आल्ता, त्यात त्यांचं मशीन फॉरमॅट झालं होतं. जुन्या तारखेची, त्यांच्या नावाची फाइल आता एकाच ठिकाणी होती, माझ्या दप्तरातल्या फ्लॉपीत.

“कोणाला दिली होती का?”

मॅडमनी एकदाच माझ्याकडं पाहिलं. परीक्षा पंधरा दिवसांवर होती. आयडी बंद झाला असता तर प्रॅक्टिकलची परीक्षा हुकून माझं वर्ष गेलं असतं. “लॅबचं मशीन सर, कोणीही घेतलं असेल,” त्या म्हणाल्या.

मी पायानं दप्तर बाकाखाली आत सरकवलं.

विभागप्रमुख गेल्यावर मॅडम आमच्याकडं वळल्या. आता कोण ते विचारणार, असं मला वाटलं. “झेरॉक्स कोणाकोणाकडं आहे? लाजू नका, काढा. पान चौदावर एक चूक राहिलीय, दुरुस्त करून घ्या.” पोरांनी प्रती काढल्या. मॅडम बाकाबाकाशी जाऊन ती ओळ दाखवत होत्या. माझ्याही बाकाशी आल्या. आवाज तोच, तसूभरही वेगळा नाही. शिकवणं म्हणजे काय, हे मला त्या दिवशी दिसलं आणि तेव्हाही मी तोंड उघडलं नाही.

पुढच्या वर्षी त्यांना तास मिळाले नाहीत. पुस्तक निघालं नाही.

त्यांची फ्लॉपी मी परत केलेली नाही. ती मला द्यायची आहे, आणि विभागप्रमुखांसमोर बोललो नाही ते एक वाक्यही: हे मॅडमचं आहे, नाव मी काढलं.