तसाच आणि तोच

टीव्हीशी भांडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. आमच्या स्टेनोबाई टीव्हीची उलटतपासणी घ्यायच्या. खऱ्या खुनांवरचा एखादा माहितीपट लागला की पदर खोचून खुर्ची पुढे ओढायच्या. पडद्यावरचा तज्ज्ञ "आरोपीच्या डोळ्यांत अपराध दिसत होता" असं म्हणाला, की ताडकन विचारायच्या, "तुला दिसला? किती अंतरावरून? उजेड कसला होता?" तज्ज्ञ बिचारा पुढे बोलत राहायचा. "बघ गो, उत्तर टाळतोय," असं म्हणून त्या माझ्याकडे विजयी मुद्रेने बघायच्या.

रत्नागिरीच्या कोर्टात तीसेक वर्षं त्यांनी साक्षी टाइप केल्या. निवृत्त झाल्यावर आमच्या शेजारी एकट्याच राहायच्या, आणि जगाविषयी त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. वकिलांविषयी तर नाहीच. "कोर्टात निःपक्षपाती असा वरचा पंखा तेवढा होता," त्या म्हणायच्या. "सगळ्यांना सारखाच गरम वारा द्यायचा." आळीतल्या एक काकू एकदा त्यांच्याकडे बसून एक मालिका बघत होत्या. "चेहऱ्यावरूनच खुनी वाटतो हो मेला," काकू म्हणाल्या. बाईंनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. "तुमच्या चेहऱ्यावरून तुम्हांला मोदक जमत असतील असं वाटतं. जमतात का?" काकू पुन्हा आल्या नाहीत.

मी मात्र जात राहिले. नंतर मुंबईच्या एका कंपनीने आमच्याच जिल्ह्यातल्या खुनावर माहितीपट काढायला घेतला आणि मला स्थानिक संशोधक म्हणून नेमलं. बाईंना मी मोठ्या अभिमानाने सांगितलं. "संशोधक? मेलेल्या माणसावर घोंघावणाऱ्याला आमच्यात दुसरं नाव आहे," एवढंच त्या म्हणाल्या.

प्रकरण असं होतं. आंब्याच्या बागेतल्या राखणदाराचा खून झाला होता. आदल्या आठवड्यात त्याचं भांडण झालं होतं ते महादेव नावाच्या गड्याशी. संध्याकाळी बागेखालच्या पाखाडीवरून, म्हणजे जांभ्याच्या पायवाटेवरून, एक माणूस घाईने उतरताना भागीरथी नावाच्या म्हातारीने पाहिला होता. बाकी पुरावा पातळच होता. तिच्या साक्षीवर महादेवला जन्मठेप झाली. आठ वर्षं तो आत होता आणि अपील नुसतं पडून होतं.

दिग्दर्शकाला बागेत रस नव्हता, कारण बाग समुद्रापासून लांब होती. त्याने दोन दिवस ड्रोन उडवून दीपगृह घेतलं. खुनाचा प्रसंग लाल दिव्यात, पातेल्यातल्या धुरात घडवला. खटल्याच्या वेळी बाई कोर्टात होत्या हे माझ्याकडून कळल्यावर तो त्यांच्या ओटीवर येऊन बसला. "मॅडम, तुम्ही फक्त टाइपरायटरवर बोटं ठेवून दूर बघायचं."

"कोर्टात कॉम्प्युटर होता," बाई म्हणाल्या. "आणि दूर बघत टाइप करणारीला कामावरून काढतात. उठा."

माहितीपट आला तो आम्ही बाईंच्या घरीच पाहिला. शेवटी संथ संगीत, मावळता सूर्य आणि निवेदकाचा आवाज: "त्या संध्याकाळचं सत्य कदाचित कुणालाच माहीत नाही." बाईंनी टीव्ही बंद केला.

"माहीत नाही? विचारलंत कुणाला? तुम्हांला शंका हवी असते, गो. उत्तर मिळालं तर पुढचा भाग कसा काढणार?"

मी चिडले. "मग तुम्हांला माहीत आहे?"

बाईंनी रिमोट खाली ठेवला. म्हणाल्या, "खून कुणी केलान ते नाही माहीत. म्हातारी काय म्हणाली ते माहीत आहे. ती म्हणाली, 'तसाच दिसला वो, पन त्वांड नाय बगितलं.' जज्जसाहेबांनी मला सांगितलन, लिहा, 'तोच होता.' साक्षीदार बोलतो ते आम्ही टाइप करत नाही, साहेब सांगतील ते करतो. मी केलं. मग भराभरा वाचून दाखवलं. तिला किती ऐकू आलं देव जाणे. अंगठा उठवलान आणि गेली."

"आणि महादेवचा वकील?"

"फायलीत डोकं घालून बसला होता."

"तुम्ही का नाही बोललात?"

"ते माझं काम नव्हे, असं सांगितलं स्वतःला. फार सोयीचं वाक्य आहे. सगळ्या कचेऱ्या त्याच्यावर चालतात." असला तिरस्कार त्यांनी कुठल्या वकिलासाठीही वापरलेला मी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या इस्त्रीची साडी नेसून माझ्या दारात उभ्या होत्या. महादेवचं अपील बघणाऱ्या, सरकारने दिलेल्या वकिलाकडे आम्ही गेलो. तो म्हणाला, "बाई, तुमच्या प्रतिज्ञापत्राने कोर्टाचं रेकॉर्ड खोटं ठरत नाही. उलट तुमच्यावरच बालंट येईल."

"येऊ दे. टाइप मी करते, तुमच्या माणसाच्या चुका फार असतात."

जुन्या सहकाऱ्यांनी त्यांना रस्त्यात ओळख द्यायचं सोडलं. एका निवृत्त शिरस्तेदाराने तर घरी येऊन सुनावलं, "ज्या ताटात जेवलात त्यातच थुंकलात." बाईंनी त्याला फाटक उघडून दिलं.

हायकोर्टानेही तेच सांगितलं: रेकॉर्ड ते रेकॉर्ड. पण त्या प्रतिज्ञापत्राच्या निमित्ताने अपील एकदाचं सुनावणीला आलं, आणि भागीरथीची साक्ष पुन्हा नोंदवायचा हुकूम झाला. म्हातारी अजून होती. नातवाच्या हाताला धरून आली आणि सरळ म्हणाली, "मी कदी म्हनलं तोच म्हनून? तसाच म्हनलं. हिकडं सगळेच तसे दिसतात." महादेव सुटला. निकालात 'संशयाचा फायदा' असे शब्द होते. "फायदा!" बाई म्हणाल्या. "नऊ वर्षं कोंडून ठेवायचं आणि जाताना फायदा द्यायचा. ही भाषा मी जन्मभर टाइप केली."

कंपनीला लगेच दुसरा भाग हवा झाला. त्यात बाईंचा पश्चात्ताप हवा होता, शक्यतो खिडकीजवळ. मी ती नोकरी सोडली, हे बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी मला लाडू दिला. कौतुक म्हणून तेवढंच.

पंधराएक दिवसांनी महादेव आला. मी तिथेच होते. केस पांढरे झालेला, हडकलेला माणूस ओटीच्या कडेला बसला. मी चहा आणून ठेवला. तो हात जोडून म्हणाला, "बाय, तुमच्यामुलं सुटलो."

मला वाटलं, बाई आता तरी विरघळतील. त्या म्हणाल्या, "माझ्यामुळेच आत गेला होतास. ते वाक्य मी टाइप केलं. चुकीचं आहे हे मला तेव्हाच कळलं होतं."

महादेवला ते समजायला वेळ लागला. "तवाच?"

"तेव्हाच."

"माजी आय त्या वक्ताला जित्ती होती," तो म्हणाला. मग उठला, चपला घातल्या आणि निघून गेला. चहाला त्याने हात लावला नव्हता. बाई फाटकाकडे बघत राहिल्या. "बरोबर केलान," त्या म्हणाल्या आणि कप आत घेऊन गेल्या.

त्याच वर्षी भातकापणीच्या दिवसांत बाई गेल्या. महादेवचा अपिलातला वकील आला होता, काकू आल्या होत्या, ओळख न देणारे सहकारीही आले होते आणि त्या किती सत्यप्रिय होत्या ते एकमेकांना सांगत होते. महादेवला मी निरोप धाडला होता. तो आला नाही. त्या सगळ्यांत बाईंना पटेल असं वागलेला तो एकटाच.