परसातला आंबेमोहोर

भाताला पाणी कमी पडलं म्हणून अख्ख्या आळीला आपल्या मोरीत आंघोळीला बोलावणारी भोरमधली पहिली बाई मी. दुसरी अजून झालेली नाही.

गोष्ट सत्तर सालच्या आसपासची. माझं माहेर बारामतीकडचं, ज्वारी-बाजरीचं. भात आमच्याकडे सणाला, नाहीतर आजाऱ्याला. सासर मात्र मार्गासनीचं, भातखाचरांचं. हे भोरला शाळेत शिक्षक, म्हणून आम्ही दोघं तिथे भाड्याच्या घरात. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, गावी शेतावर. वर्षाचा आंबेमोहोर तांदूळ त्या एसटीच्या टपावरून पाठवायच्या आणि सोबत निरोपही, "सूनबाईला म्हनावं, भातात पानी बेतानं घाल. ज्वारीवाली हाय ती." बाई मनाने फार चांगल्या, पण लग्नाला दोन वर्षं झाली तरी मी आपली ज्वारीवालीच! हे नाव मला पुसायचं होतं.

म्हणून शिमग्याला त्या आल्या तेव्हा मी चार बायकांदेखत जाहीर करून टाकलं, "आत्याबाई, यंदा दिवाळीला माझ्या परसातला आंबेमोहोर खाऊन जायचं!"

(परस केवढा? दोन बाजा टाकल्या तर तिसरी उभी करून ठेवावी लागेल, एवढा.)

आत्याबाई हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या गंभीरपणे म्हणाल्या, "बी धाडते. पन आदी राब नीट भाज. अर्दा ठिवू नगंस."

राब भाजायचा म्हणजे रोपासाठी जी जागा धरली असेल तिच्यावर शेण, टहाळ्या, पालापाचोळा पसरून ती जाळून घ्यायची. का जाळायची, ते मी विचारलं नाही. ज्वारीवालीने विचारायचं कसं? वैशाखात एका सकाळी मी काडी लावली. खाचरातला धूर डोंगराकडे जातो म्हणे. आमचा थेट शेजारी अमीनाभाबींच्या अंगणात गेला. तिथे त्यांच्या वर्षाच्या कुरडया वाळत होत्या!

"अवं ताई, घर पेटलं का काय?"

"नाही हो भाबी, शेती चाललीय!"

"मंग शेती करा की! माझ्या कुरडया कशापायी भाजताय?"

मी घाबरून दोन घागरी पाणी ओतलं. राब निम्मा भाजला, निम्मा शिजला. कुरडयांना कायमचा विडीचा वास लागला, आणि त्या वर्षी तळलेली कुरडई दिसली की हे शर्ट घालून पानपट्टीकडे निघायचे.

रोप मात्र दृष्ट लागावी असं उगवलं. आषाढात साडी खोचून, चिखल तुडवून मी ते सगळंच्या सगळं लावलं. हे दारात उभे राहून म्हणाले, "रेशनकार्ड परत करून येऊ का?"

"चेष्टा करा! दिवाळीत दोन वाट्या जास्त मागाल!"

श्रावणात पावसाने दडी मारली. मी मोरीचं पाणी पन्हळ लावून वाफ्यात वळवलं. पण दोन माणसांच्या आंघोळीत भाताचं काय भागणार? मग आळीत निरोप फिरवला, 'गरम पाणी माझं, साबण तुमचा.' आठ दिवस आमच्या दारात खांद्यावर पंचा टाकलेल्यांची रांग! तिच्यात ह्यांचा नंबर शेवटचा, त्यामुळे मास्तर रोज शाळेत उशिरा.

मग आली भांगलणी. माझ्या माहेरचा नियम सोपा : उंच दिसेल ते पीक, ठेंगणं दिसेल ते तण. वाफ्यात दोन्ही जातीची रोपं होती. काही दांडगी, तरारलेली; काही फिकट, किडमिडी. मी दिवसभर खपून किडमिडं तेवढं मुळासकट उपटलं आणि कुरडयांची भरपाई म्हणून भाबींच्या शेळीला नेऊन घातलं.

संध्याकाळी भाबी कौतुकाने सांगायला आल्या, "ताई, तुमचं तन लई ग्वाड हाय बगा. शेळीनं काडीबी ठिवली न्हाई."

दिवाळीला आत्याबाई एसटीतून उतरल्या त्या पिशवीत विळा गुंडाळून घेऊनच. आळीला जेवायला बोलावणं आधीच गेलं होतं. मी मानाने त्यांना परसात नेलं. त्यांनी एक कणीस बोटांत चोळलं, फुंकर मारली. तळहात रिकामा!

"सूनबाई, राब समदा भाजला व्हता?"

"निम्मा."

"गवताचं बी मरावं म्हून राब भाजत्यात. तुझं जगलं."

"म्हणजे हे सगळं..."

"गवात हाय. पन ब्येस आलंय हां. बैलास्नी चालंल."

"मग भात कुठे गेला?"

कुंपणापलीकडे भाबींची शेळी रवंथ करत उभी होती. मी तिच्याकडे बघितलं आणि मला रडूच कोसळलं. आळी तासाभरात पाटावर बसणार होती आणि मी जन्माची ज्वारीवाली ठरणार होते!

आत्याबाई विळा घेऊन मोरीकडे वळल्या. मोरीच्या दगडामागे, माझा हात पोचला नव्हता तिथे, भाताचं एकच ठोंब तगून होतं. पाच-सहा पिवळ्या लोंब्या. त्यांनी त्या कापल्या, चोळल्या, उखळात कुटल्या. निघाले मूठभर दाणे. ते त्यांनी आपणच पाठवलेल्या तांदळाच्या पातेल्यात टाकले. "डोळं पूस. चूल पेटीव."

आंबेमोहोराचा वास आळीभर सुटला. भाबींनी पानावरून विचारलं, "आत्याबाई, ह्यो परसातलाच काय?"

आत्याबाई खोटं कधी बोलत नसत. "हाय की ह्यात परसातला," म्हणाल्या आणि वाढत राहिल्या. आज त्या नाहीत. पण गरम भाताचा वास आला की मला त्यांचा तो वाढता हात दिसतो.

पुढच्या वर्षी भाबींना हुरूप आला. त्यांनी आत्याबाईंकडून बी मागवलं, कुरडया डब्यात भरून झाल्यावर राब पुरता भाजला आणि भात कमरेला लागला. मी आनंदाने भांगलायला निघाले, तर भाबींनी मला कुंपणातच अडवलं.

"रागावू नगा ताई. बी देताना आत्याबाईंनी बजावलंय."

"काय बजावलंय?"

"म्हनल्या, पाखरं हाकल, उंदरं हाकल. आनि ज्वारीवाली दिसली, तर आदी तिला हाकल!"